दिन्या, तुझं बिल्ड मी पूर्ण केलं

दिन्या, तू गेलास हे सांगायला गजूभाऊचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं नाही. मी म्हणाले, "पळाला."

"कोण पळाला वं?" तुझा भाऊ तिकडून रडत रडत विचारत होता.

काय सांगणार होते त्याला? दिवाळी झाली की तू हैदराबादहून पांढरकवड्याला येणार होतास. आपल्या क्लासमध्ये पोरांसमोर उभा राहून एक वाक्य बोलणार होतास. ते वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मी वर्षानुवर्षं थांबले होते, आणि हे तुला चांगलं ठाऊक होतं. आणि तू तापाचं निमित्त करून निघून गेलास. माणूस गेला की त्याच्यावरचा राग विझतो म्हणतात. माझा विझला नाही. पूर्वी त्याला जायला एक पत्ता होता, आता तोही राहिला नाही. दिवसभर माझ्याच घरात फिरतो.

तुझ्याबद्दल गोड बोलणारे खूप आहेत. ते काम मी त्यांच्यावर सोडते.

खरं तर लॉग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना मागे ठेवतो त्या नोंदी, वाचायला मला तूच शिकवलंस. यवतमाळच्या पॉलिटेक्निकमध्ये, दुसऱ्या वर्षाला. माझा प्रोग्रॅम अडला होता आणि स्क्रीनवर लांबलचक इंग्रजी वाहत होतं. मी सगळ्यात खालच्या ओळीकडे बघून रडकुंडीला आले होते. तू मागून आलास, हातातली भेळ टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "शेवटची ओळ कायले पाह्यतं? थे नुसती रडून राह्यली. मारलं कोणं, थे वर लिहून असते." मग स्क्रीन वर सरकवत नेलीस आणि पहिल्या चुकीवर बोट ठेवलंस. पुढे मी शेकडो पोरांना हेच शिकवलं. प्रत्येक वेळी तुझं नाव घेऊन शिकवलं. हे लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

हायवेवर टायरच्या दुकानाच्या वरची खोली घेऊन आपण क्लास सुरू केला, तेव्हा खाली ट्रकची चाकं ठोकली की वर आपले मॉनिटर थरथरायचे. पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून, कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, यायची. एका कोलाम पोरीने पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर लाल इंग्रजी पाहिलं आणि आपण मशीन मोडली असं समजून सरळ बटण बंद करून घरी निघून गेली. तू तिच्यामागे बसस्टँडपर्यंत धावलास. परत आलास तो घामाघूम आणि ठरवूनच आलास. "सुषमे, पोराईची चूक झाली तर थे त्याईच्या बोलीत कळलं पाह्यजे. इंग्रजीत शिव्या खायले काय आपल्याकडे येते काय पोट्टे?"

तयार मिळणारी प्रोग्रॅमिंगची भाषा जशी येते तशी वापरावी लागते. तिच्या आतले बोल बदलायचे तर तिचा मूळ कोड आणून, हवा तिथे बदलून, आपल्या मशीनवर पुन्हा घडवावी लागते. आपण एक लहानशी, सगळ्यांना खुली असलेली भाषा निवडली. कामाची वाटणी आपोआप झाली. बोल तुझे, घडवणं माझं.

बोल तू काय लिहिलेस रे! कंस बंद करायचा राहिला तर स्क्रीन विचारायची, "कंस उघडला, आता बंद कोण करन?" न सांगितलेलं नाव वापरलं तर म्हणायची, "हे नाव मी पह्यल्यांदाच ऐकून राह्यलो." पोरं हसायला मिळावं म्हणून मुद्दाम चुका करायची. मीही केल्यात.

आणि घडवणं माझं, म्हणजे ती बिल्ड स्क्रिप्ट माझी. मशीनवर काय आहे, काय नाही हे तपासून एकेक तुकडा जोडत नेणारी आज्ञांची लांब फाईल. ती फाईल म्हणजे सासुरवास होता. आधी ती चालेचना. विंडोजच्या मशीनवरून आणताना प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारी एक खूण चिकटली होती. ती काढली, तर मशीनच्या घड्याळाचा सेल मेलेला. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, त्यामुळे स्क्रिप्टला वाटायचं की आपण दिलेल्या फायली भविष्यातून आल्यात, आणि ती तेच तेच पुन्हा पुन्हा करत बसायची. घड्याळ लावलं, तर मे महिना. अर्ध्यात आलं की मशीन तापून बंद. शेवटी आपण कूलरचं तोंड आपल्याकडून मशीनकडे वळवलं आणि दोघंही गमछे ओले करून डोक्यावर घेऊन बसलो. त्या दुपारी ती भाषा पूर्ण घडली. तू टायरवाल्याला वर बोलावून आणलंस, त्याला काही कळलं नाही तरी त्याने तुला मिठी मारली. मी स्क्रिप्टच्या माथ्यावर दोन नावं लिहिली. माझं आणि तुझं.

तो दिवस माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, असं मला वाटायचं. तू काढून घेतलास.

यवतमाळला शिक्षकांचा मेळावा होता. आपल्याला बोलावणं आलं. मी माझी हिरवी साडी नेसले होते. बसमध्ये तू म्हणालास, "मी बोलतो, तुहा आवाज मागपर्यंत नाही जात." ठीक आहे, तुझा आवाज जात होता. तू बोललास, हॉल हसला, टाळ्या झाल्या. मग एका सरांनी उठून विचारलं, "मूळ कोडवरून भाषा घडवणं सोपं नाही. आम्ही प्रयत्न करून सोडून दिला. हे बिल्डचं काम कोणी केलं?"

मी उठायच्या बेतात होते. पदर सावरला होता.

तू म्हणालास, "मीच केलं, सर." एवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पुढे माझ्याकडे हात करून म्हणालास, "आमच्या सुषमा मॅडम आहेत न, त्या प्रवेशाचं अन् चहापाण्याचं बघतात. त्यांच्याशिवाय क्लास चालत नाही."

लोकांनी माझ्यासाठीही टाळ्या वाजवल्या, दिन्या. चहापाण्यासाठी.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "काहून केलं असं?"

"काय केलं?"

"तुले माहीत आहे."

तू खिडकीतून बाहेर पाहत म्हणालास, "अवं, आपलं एकच आहे न. माह्यं नाव काय अन् तुह्यं नाव काय."

"एकच आहे तर तुह्यं काढून टाक न. माह्यं राहू दे."

तू हसलास. मला वाटलं थट्टा समजून हसलास. पण पुढच्या आठवड्यात मी स्क्रिप्ट उघडली तर माथ्यावर एकच नाव होतं. तुझं. तेच काम दाखवून तुला हैदराबादची नोकरी लागली. निघताना तू काकूंच्या, तुझ्या आईच्या, पाया पडलास, माझ्याशी हात मिळवलास आणि म्हणालास, "क्लास सांभाळ." सांभाळला. तुझ्यासाठी नाही सांभाळला.

मग तू सणासुदीला फोन करायचास आणि मी उचलायचे. हे मला कोणाला समजावता येत नाही. शत्रूचा फोन कोणी उचलतं का? पण तुझ्यासारखं बोलणारं इथे दुसरं कोण होतं? पाच मिनिटं तू मला हसवायचास, फोन ठेवला की मला स्वतःचाच संताप यायचा.

या पावसाळ्यात तुझा फोन आला, सणवार काही नव्हता. "सुषमे, नवीन आवृत्ती घडून नाही राह्यली. सुरुवातीलेच म्हणते, कंपायलरच सापडत नाही. कंपायलर तर समोर आहे."

मी ऐकल्याबरोबर ओळखलं. मधल्या काळात तू कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेला कोड मशीनला कळेल असा करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, संदेशांचंही मराठी करून बसवलं होतंस. स्क्रिप्ट कंपायलरला विचारायची, "तू कोण?" आणि उत्तरात एक इंग्रजी शब्द शोधायची. कंपायलर बिचारा मराठीत उत्तर द्यायचा. शब्द सापडत नाही, म्हणजे कंपायलर नाही.

"वरती एक ओळ टाक," मी म्हणाले. "स्क्रिप्ट चालेपर्यंत सगळ्यांनी साध्या इंग्रजीत बोलायचं. मिनिटाचं काम आहे."

"नाही टाकत."

"काहून?"

"मराठी बोलणारी भाषा घडवायची, अन् घडवतानी मराठीले तोंड बंद ठेव म्हणायचं? चूक स्क्रिप्टची आहे. सुधरवायची तर तिले सुधरवू."

"आयुष्य जाईन सुधरवता सुधरवता. एक ओळ टाक अन् मोकळा हो."

"तुह्यं नेहमीचंच आहे, सुषमे. चाललं की झालं."

असे आपण बराच वेळ भांडलो. बऱ्याच वर्षांनी कामावरून भांडलो. मला छान वाटत होतं, आणि छान वाटतंय हे लक्षात आल्यावर मी डंख मारला. म्हणाले, "इथं ये. तुह्या मशीनवर मी करून देते. पण पोरांसमोर उभं राहून सांगायचं, पहिलं बिल्ड कोणं केलं होतं."

तू उलट विचारलंस.

"बस, एवढंच?"

"एवढंच."

"येतो. दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली, दिन्या.

तुझ्या तेरवीनंतर गजूभाऊ तुझा लॅपटॉप घेऊन क्लासमध्ये आला. तुझ्या नावाने शोकसभा ठेवलीय, तिथे लोकांना तुझी मराठी बोलणारी भाषा चालवून दाखवायची आहे, पण नवीन आवृत्ती काही घडत नाही, म्हणाला. नागपूरच्या कोणाला तरी दाखवून झालं होतं. "तूच करू शकतं बाई. दिनेश म्हणे नेहमी."

"काय म्हणे?"

"सुषमाले येते म्हणे."

घरात म्हणत होतास. हॉलमध्ये नाही.

मी म्हणाले, "करते. पण सभेत मी बोलणार."

गजूभाऊला तुझ्यामाझ्यातलं थोडंफार माहीत असावं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "चांगलंच बोलशीन न?"

"खरं बोलीन."

"मेलेल्या माणसाचा काय बदला घेतं वं, सुषमा?"

"जित्ता असता तर जित्त्याचा घेतला असता, भाऊ. थांबला कुठं तो?"

तो लॅपटॉप उचलून जाईल असं वाटलं. नाही गेला. म्हणाला, "घरी येऊन कर. आईले एकटं करमत नाही."

तुझ्या घरी, पुढच्या खोलीत, दुपारी बसले. काकू समोर सुपात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. तुझा लॅपटॉप उघडला. पहिली अडचण पाहून तर मला हसूच आलं. शेवटी शेवटी तू सगळं नव्या फोल्डरमध्ये हलवलं होतंस आणि नाव ठेवलं होतंस "नवीन काम". दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेवर स्क्रिप्ट अडखळायची, "नवीन" नावाचं फोल्डर शोधत बसायची, आणि ते कुठेच नसायचं. पॉलिटेक्निकच्या पोरालाही हे कळतं. तुला नाही कळलं. मी दोन्ही शब्द जोडून टाकले, आणि खोटं कशाला बोलू, मला भारी आनंद झाला. माझ्याशिवाय तुझं फोल्डरसुद्धा उघडत नव्हतं.

पुढे गेले तर लॉग सापडले. तू गेल्या महिन्यांत केलेला प्रत्येक प्रयत्न तिथे होता, अगदी ताप चढायच्या आदल्या दिवसापर्यंत. मी तुझ्याच पद्धतीने पहिल्या चुकीपासून वाचत गेले, आणि माझा आनंद जरा जरा कमी होत गेला.

माझी ओळ तू खरंच टाकली नव्हतीस. तू स्क्रिप्टमधला तो प्रश्नच काढून टाकला होतास. "तू कोण?" असं विचारून शब्द शोधत बसण्यापेक्षा तू कंपायलरला एक चिमुकला प्रोग्रॅम करायला दिला होतास. जमलं तर कंपायलर आहे, नाही जमलं तर नाही. मग तो मराठीत बोलो, कोलामीत बोलो की मुकाच असो. साधा विचार होता. माझ्या एका ओळीपेक्षा कितीतरी पक्का. तू बरोबर होतास, दिन्या, आणि मी चूक. जिवंतपणी हे माझ्याकडून तुला कधीच ऐकायला मिळालं नसतं, म्हणून आत्ता लिहून टाकते आणि पुढे जाते.

फक्त एका जागी तू फसला होतास. कंपायलरचं बोलणं जतन व्हावं म्हणून तू ते दुसऱ्या एका लहान प्रोग्रॅमकडे वळवलं होतंस, जो ते फाईलमध्ये उतरवून ठेवायचा. आणि काम जमलं की नाही हे विचारताना उत्तर यायचं त्या उतरवून घेणाऱ्याचं. त्याचं तर नेहमीच जमायचं. चिमुकला प्रोग्रॅम पडला तरी स्क्रिप्ट म्हणायची सगळं छान आहे, पुढे चला. आणि पार शेवटी जाऊन भलत्याच ठिकाणी आपटायची. तू ते आपटण्याचं ठिकाण दुरुस्त करत बसला होतास. रोज. ज्याने मला वर बघायला शिकवलं, तो शेवटच्या ओळीशी भांडत होता. बहुतेक अंगात ताप मुरत होता तेव्हाच.

काकूंनी विचारलं, "काहून थांबली वं?"

"काही नाही काकू. दिनेशचं वाचून राह्यली."

"काय लिहून आहे?"

"चुकाच आहेत."

"हाव," त्या म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

माझी एक ओळ टाकून काम संपवता आलं असतं. ती तुझ्यावर सोपी मात होती. मला सोपी नको होती. मी तुझीच वाट धरली, कंपायलरचं उत्तर कंपायलरकडूनच ऐकायची सोय केली, आणि स्क्रिप्ट चालू केली. ओळी सरकत राहिल्या. काकूंचं सूप भरलं. शेवटी स्क्रीनवर तुझ्या शब्दांत आलं, "झालं बाप्पा!" मी माथ्यावर गेले आणि तुझ्या नावाच्या वर माझं नाव लिहिलं. तुझं काढलं नाही. काढलं असतं तर तुझ्यासारखी झाले असते, आणि इतकं तुझ्यासारखं व्हायची माझी इच्छा नाही.

शोकसभेला मंगल कार्यालय भरलं होतं. मागे फलक, तुझा हसरा फोटो, खाली "कॉम्प्युटरला मराठी शिकवणारा भूमिपुत्र". भाषणं झाली. एक जण म्हणाला की दिनेशने एकट्याने, कुणाच्याही मदतीशिवाय हे उभं केलं. मग मला बोलावलं. मी तुझी भाषा पडद्यावर चालवून दाखवली, मुद्दाम कंस उघडा सोडला, पडद्याने तुझा प्रश्न विचारला आणि लोक हसले. काही जण रडले. तिथेच थांब, असं गजूभाऊ डोळ्यांनी खुणावत होता.

मी म्हणाले, "यातले सगळे बोल दिनेशचे आहेत. असे बोल दुसरं कोणी लिहू शकलं नसतं. पण ही भाषा घडवली मी. पहिल्यांदाही, आत्ताही. यवतमाळच्या मेळाव्यात दिनेशने सांगितलं की ते त्याने केलं आणि मी चहापाण्याचं बघते. ते खोटं होतं. मग त्याने फाईलवरून माझं नाव काढलं. तो माझा सख्खा मित्र होता, म्हणून हे इथे त्याच्या फोटोसमोर सांगते, पाठीमागे नाही."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "आज हे बोलायचा दिवस आहे का?" दुसरा म्हणाला, "माणूस मेल्यावर कोणीही आपलं नाव लावा आता!" गजूभाऊ माइककडे यायला निघाला. मी हलले नाही. मला ऐकायचंच होतं कोण कोण ओरडतंय ते.

तेव्हा पहिल्या रांगेतून काकू उठल्या. गजूभाऊ त्यांना बसवायला गेला, तर त्याचा हात झटकला. माइक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आलं. तुझा आवाज कुठून आला ते मला त्या दिवशी समजलं.

"पोरगी खोटं नाही बोलून राह्यली. थ्या मेळाव्याहून आला तवा दिनेशनं मलेच सांगतलं होतं, आई, आज मी सुषमाचं नाव खाल्लं. मी म्हटलं, मंग जाऊन सांग न तिले. म्हणे सांगीन. रोज म्हणे सांगीन." त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "थो नाही सांगू शकला. मी त्याची माय आहो. माह्या पोरानं या पोरीचं नाव खाल्लं. सगळ्याईनं ऐका."

आणि बसल्या. कोणी तरी पाणी आणलं.

ज्या क्षणाची मी इतकी वाट पाहिली तो असा आला. मी तो शंभर वेळा मनात बघितला होता. त्यात तू उभा असायचास, मान खाली, आणि मी तुला एका शब्दाचीही सूट देत नसे. त्यात काकू कधीच नव्हत्या. मी खाली उतरून त्यांच्याजवळ जाऊन बसले. सत्तरी ओलांडलेली बाई, एका महिन्यात निम्मी झालेली, पदराने तोंड पुसत मला विचारते, "झालं न तुह्यं समाधान?" टोमणा नव्हता रे. खरंच विचारत होत्या.

"नाही काकू."

"मलेबी वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून ठेवला.

म्हणजे तुला कळत होतं. त्याच दिवसापासून कळत होतं, घरी येऊन जेवताना आईला सांगण्याइतकं कळत होतं, आणि मला मात्र बसमध्ये हसून दाखवलंस. इतकी वर्षं फोनवर हसवत राहिलास.

नाव खाल्लंस ते मी कधीतरी सोडून दिलं असतं, दिन्या. तू समोर उभा राहून बोलला असतास तर कदाचित त्याच दुपारी, चहा प्यायला जाता जाता. पण ते वाक्य तुझं होतं. ते तू तुझ्या म्हाताऱ्या आईला भरल्या सभेत, तुझ्याच फोटोसमोर, उभं राहून म्हणायला लावलंस. हे मी सोडणार नाही.